रात्रीचं ओलीत आणि पटावरचं कोडं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या पानावर बुद्धिबळाचं एक रचलेलं कोडं दिलं होतं, पटावर फक्त चार मोहरे. पांढरा राजा एच८ वर, पांढरं प्यादं सी६ वर, काळा राजा ए६ वर, काळं प्यादं एच५ वर. चाल पांढऱ्याची आणि डाव बरोबरीत सोडवायचा. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. नवीन वाचकांसाठी एवढंच, की पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या रांगा ए, बी, सी अशा एच पर्यंत जातात आणि घरं पांढऱ्याकडून वर १ ते ८ मोजायची.

भाऊ, मी मोबाईलवर रोज पन्नास-साठ पझल सोडवतो, रेटिंग बी चांगलं हाये. पण तुमचं हे चार मोहऱ्याचं कोडं मले चार दिवस पुरलं. हरभऱ्याले पाणी देणं चालू हाये, लाईन येते रात्री बारा वाजता, तं स्प्रिंकलरचे पाइप सरकवता सरकवता डोक्यात तेच. तिसऱ्या राती वाटलं का हे छापतानीच चुकलं. चौथ्या राती अडीच वाजता पाइप खांद्यावर असतानी एकदम दिसलं. आता सांगा, मोबाईलवरचे पटापट सुटतात अन् हे काहून नाही सुटत? अन् असा पट खऱ्या डावात कधी येतच नाही तं मंग याच्यात येवढा जीव काहून लागते?
(एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा)

भाऊ, चार दिवस लागले याचं बिलकुल वाईट वाटून घेऊ नका. मला हे कोडं पहिल्यांदा भेटलं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी उत्तर पाहून घेतलं होतं आणि त्याची चुटपुट अजून आहे, कारण एकदा पाहिलेलं उत्तर परत शोधता येत नाही. तुम्ही पाइप सरकवत राहिले आणि स्वतः काढलं.

मोबाईलवरची बहुतेक पझलं खऱ्या डावांतून उचललेली असतात. खेळताना कुणीतरी चुकलं, वजीर उघडा सोडला, नाहीतर राजाच्या मागची रांग मोकळी ठेवली, आणि तुम्हाला ती चूक पकडायची असते. रोज पन्नास केली की डोळ्याला ओळख होते, घोड्याचा दुहेरी मारा दिसला की बोट आपोआप जातं, जसं पऱ्हाटीचं पान लांबून पाहूनच तुम्ही सांगता की मावा आहे का तुडतुडे. तिथं ओळखायचं असतं. रचलेल्या कोड्यात कुणीच चुकलेलं नसतं, एक माणूस पट मांडून दिवसेंदिवस बसलेला असतो आणि तुम्ही पहिले काय करून पाहाल हे त्याला माहीत असतं, म्हणून त्या वाटेवर त्यानं आधीच काट्या टाकून ठेवलेल्या असतात. तुमचं पन्नास पझलांचं शहाणपण तो तुमच्याच विरोधात वापरतो.

आता तुमच्याच कोड्याचं पाहू, बाकीच्यांनाही उत्तर कळेल. काळ्या प्याद्याला वजीर व्हायला चार चाली पाहिजेत, पांढरा राजा मागं पळाला तर दोन चालींनी कमी पडतो. आपलं सी६ चं प्यादं वाचवायला जावं तर काळा राजा दोन चालीत ते खाऊन मोकळा होतो. म्हणजे पकडायला गेलं तरी उशीर आणि वाचवायला गेलं तरी उशीर, आणि इथंच माणूस म्हणतो की हे छापतानाच चुकलं.

उत्तर आहे राजा जी७. काळ्याचं एच४, मग राजा एफ६. राजा तिरपा चाललाय आणि या एका वाटेवर तो दोन्ही प्याद्यांच्या जवळ येतोय. काळ्यानं एच३ केलं तर राजा ई७, एच२, सी७, काळा राजा बी७, आपला डी७, आणि दोघांचे वजीर होतात. म्हणून काळा राजा बी६ वर येतो, आणि आता राजा ई५! काळ्यानं प्यादं खाल्लं तर राजा एफ४, मग एच३, राजा जी३, एच२, राजानं ते उचललं, पटावर दोन राजे उरले. न खाता प्यादं एच३ ला पळालं तर राजा डी६, एच२, सी७, परत दोघांचेही वजीर, बरोबरी.

तीन रात्री हे का दिसलं नाही? वावरात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपं जायचं अंतर हे एका धुऱ्यापेक्षा जास्तच असते, हे आपल्या पायाला माहीत आहे. पटावर मात्र राजा एच८ वरून सरळ एच१ ला गेला तरी सात चाली आणि तिरपा ए१ ला गेला तरी सातच. आपण पटावर नकळत वावराचं माप लावतो, तिरपं चालणं म्हणजे लांबून जाणं असं धरतो. रिचर्ड रेटीनं १९२१ मध्ये नेमकी हीच सवय हेरून हे कोडं रचलं, आणि तो काही नुसता कोडी रचणारा नव्हता, १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत त्यानं तेव्हाचा जगज्जेता कॅपाब्लांका याला हरवलं होतं.

खऱ्या डावात हा पट जसाच्या तसा येणार नाही हे कबूल. पण राजानं एका पावलात दोन कामं करायची ही युक्ती डावाच्या शेवटी कितीदा तरी येते आणि आता ती तुम्ही विसरणार नाही. तरी मी उपयोगासाठी म्हणून तुम्हाला आग्रह करणार नाही. अडीच वाजता पाइप खांद्यावर असताना ई५ दिसली, त्या वेळी शंभर वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या मनात जे होतं तेच तुमच्या मनात आलं, शब्दही न बोलता. मला तरी यासारखी दुसरी गोष्ट माहीत नाही, जीव त्यालाच लागतो.

मी नववीत आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखनी २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून आमच्या शाळेत बुद्धिबळ सुरू झालं. मला कोडी आवडतात पण सुरुवात कुठून करायची कळत नाही. आणि मोहरे हातानी हलवून पाहिले तर ती चीटिंग होते का?
(एक विद्यार्थिनी, ता. रिसोड, जि. वाशीम)

बेटा, बिनधास्त हलव. कोडी सोडवायची जागतिक स्पर्धा १९७७ पासून होते, तिथं मोठमोठे लोक समोर पट मांडून मोहरे हलवूनच सोडवतात, कुणी चीटिंग म्हणत नाही. सहा फेऱ्या, एकेका फेरीत तीन कोडी, एका कोड्याला पाच गुण, आणि घड्याळ चालू. इंग्लंडचा ग्रँडमास्टर जॉन नन यानं ती २००४, २००७ आणि २०१० अशी तीनदा जिंकली, तो गणितातला डॉक्टरेट आहे.

सुरुवात दोन चालीत मात यापासून कर. म्हणजे पांढरा एक चाल करतो, काळा काहीही करो, दुसऱ्या चालीला मात झालीच पाहिजे. हे घे, अमेरिकेचा जुना मोठा खेळाडू पॉल मॉर्फी याचं कोडं, सात मोहरे. पांढरा राजा सी८, हत्ती ए१, प्यादं बी६. काळा राजा ए८, उंट बी८, प्यादी ए७ आणि बी७. पट मांड आणि खालचं लगेच वाचू नको, आधी अर्धा तास दे.

आता वाच. तू पहिले हत्तीनं ए७ चं प्यादं मारून शह दिला असेल, उंटानं हत्ती खाल्ला, झालं. मग तू बी६ च्या प्याद्यानं ए७ मारून पाहिलं असेल, तेही उंटानं खाल्लं. आता शह द्यायचं सोड आणि काळ्याच्या बाजूनं बस, त्याच्याकडं हलवायला काय आहे ते मोज. बी७ चं प्यादं पुढं अडलेलं आहे, राजाला घर नाही. राहिला उंट आणि ए७ चं प्यादं. उंट बी८ वरून कुठंही हलला की हत्ती ए७ मारून मात होते, करून पाहा. म्हणजे अडचण एकट्या ए७ च्या प्याद्याची, ते ए६ ला सरकलं की सगळं बिघडतं. ते अडवायचं कसं? त्याच्या नाकासमोर हत्ती ठेवून, हत्ती ए६! आता बी७ च्या प्याद्यानं हत्ती खाल्ला तर आपलं प्यादं बी७, मात. ए७ च्या प्याद्यानं बी६ खावं म्हटलं तर खाता येत नाही कारण ते हललं की त्याच्याच राजाला हत्तीचा शह बसतो. उरला उंट, तो हलला की हत्ती ए७.

एक वही कर. त्यात बरोबर उत्तर लिहूच नको, चुकलेली चाल लिही आणि ती कशामुळं चुकली ते एका ओळीत लिही. हत्ती ए५ का चालत नाही? कारण प्यादं ए६ ला सरकतं. एवढं लिहिलंस की ए६ चं घर आपोआप वर येतं, कोड्याचं उत्तर चुकीच्या चालींच्या यादीतच दडलेलं असतं. आणि पहिली चाल शहाची नसेल असं धरून चाल, रचणारे लोक शहानं सुरुवात करणं हलकं समजतात.

आमचे आबाजी पारावर जुन्या नियमानी खेळतात. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाते, आणि शेवटी ज्या रांगेत पोचलं त्या रांगेचं मोहरं होते, सरसकट वजीर नाही. मी त्यांना तुमची कोडी दाखवली तर म्हणतात हा पोरखेळ आहे. कोणता नियम बरोबर?
(ता. पुसद, जि. यवतमाळ)

दादा, आबाजींना चुकीचं म्हणू नका, त्यांचा नियम आपल्या गावांतला जुना खेळ आहे आणि त्या नियमानं खेळणारी माणसं आता पारावर थोडीच उरली. फक्त छापील कोडी आंतरराष्ट्रीय नियमानं रचलेली असतात, तिथं प्यादं वजीर, हत्ती, उंट, घोडा यातलं काहीही होऊ शकतं. आणि आबाजींना दाखवायचंच असेल तर हे दाखवा, यात सगळा जीव प्यादं काय होतं याच्यातच आहे.

पांढरा राजा बी६, प्यादं सी६. काळा राजा ए१, हत्ती डी५. चाल पांढऱ्याची. १८९५ मध्ये ग्लासगोच्या एका पेपरात बार्बियर नावाच्या संपादकानं जवळपास हाच पट बरोबरीचा म्हणून छापला. त्याच गावात फर्नांडो साव्हेद्रा नावाचा स्पेनकडचा एक धर्मगुरू राहत होता, त्यानं सांगितलं की बरोबरी नाही, पांढरा जिंकतो. मोठा खेळाडू नव्हता तो, या एका चालीसाठीच बुद्धिबळात त्याचं नाव राहिलं.

प्यादं सी७. काळा हत्ती डी६ वरून शह देतो, राजा बी५. सी रांगेत गेला तर हत्ती डी१ ला जाऊन मागून प्यादं धरतो, आणि बी७ ला गेला तर हत्ती डी७ ला येऊन प्यादं बांधतो (ते हललं की आपल्याच राजाला शह), म्हणून बी५ च. परत शह डी५, राजा बी४, शह डी४, राजा बी३, शह डी३, आणि आता राजा सी२. एकेक पायरी उतरत राजा खाली येतो. काळ्याची शेवटची लबाडी हत्ती डी४, आणि ही फार सुंदर आहे. आता प्यादं वजीर केलं तर हत्ती सी४ वर शह देतो, वजिरानं हत्ती खाल्ला की काळ्या राजाला हलायला घरच उरत नाही, स्टेलमेट, बरोबरी. बार्बियर इथंच थांबला होता. साव्हेद्रा म्हणाला प्याद्याचा वजीर करूच नका, हत्ती करा! आता सी४ चा डाव फसतो, आणि नवा हत्ती ए८ ला जाऊन मात करतो म्हणतोय. काळ्याला हत्ती ए४ वर आणावाच लागतो, तेव्हा राजा बी३. एकाच वेळी काळा हत्ती मरतोय आणि सी१ वर मात आहे. दोन्ही वाचत नाही.

आबाजींच्या नियमानं सी रांगेत प्यादं उंट झालं असतं आणि उंटानं हा डाव जिंकता येत नाही. त्यांना म्हणा, तुमच्या नियमात बसेल असं एक कोडं तुम्हीच रचून द्या. त्यांनी दिलं तर आम्हाला जरूर पाठवा, या पानावर छापायला मला मनापासून आवडेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलांना कोडं दिलं की पाच मिनिटांत मोबाईलच्या इंजिनमधून (चाली काढून देणाऱ्या प्रोग्राममधून) उत्तर आणतात. काय करावं?
(जि. बुलडाणा)

सर, उत्तर मागूच नका. इंजिननं दिलेलं उत्तर फळ्यावर लिहून टाका आणि विचारा की याच्या शेजारची चाल का चालत नाही, काळ्याचं कोणतं उत्तर तिला मोडतं. तिथं पोरांना पट मांडावाच लागतो. इंजिन वाईट नाही, आजकाल रचणारेही आपल्या कोड्याला दुसरं उत्तर तर निघत नाही ना हे त्यावरच तपासतात, कारण दुसरं उत्तर निघालं की ते कोडं बाद. मी स्वतः एका जुन्या मासिकातून एक पट उतरवून घेतला होता, त्यावर आठ दिवस घातले, शेवटी कळलं की छापतानाच काळ्याचं एक प्यादं गळालं होतं आणि कोड्याला तीन-तीन उत्तरं निघत होती. त्या दिवशी फार जीव जळला. तुमच्या मुलांना देण्याआधी तुम्ही एकदा तपासून घ्या, इंजिनचं खरं काम तिथं आहे. मुलगा आठ दिवस बसला आणि कोडंच चुकीचं निघालं तर तो परत बसत नाही.

बुद्धिबळ आपल्या देशातलं म्हणतात, मग कोड्यांच्या बाबतीत आपल्याकडचं काही आहे का?
(चिखलदरा)

आहे, आणि जगभर त्याला इंडियन प्रॉब्लेम असंच म्हणतात. १८४५ मध्ये इंग्लंडच्या एका बुद्धिबळ मासिकात दिल्लीहून आलेलं कोडं छापलं, पाठवणाऱ्यानं सही केली होती 'शागिर्द'. तो हेन्री लव्हडे नावाचा इंग्रज पाद्री होता हे पुढं कळलं, म्हणजे माणूस इंग्रज, पण कोडं इथून गेलं आणि सही आपल्या शब्दात.

त्यातली युक्ती अशी, की काळ्याकडं हलवायला जवळपास राजाच उरलाय आणि आपला लांब मारा करणारा मोहरा त्याचं घर बंद करून बसलाय, असंच राहिलं तर स्टेलमेट होणार. म्हणून तो मोहरा मुद्दाम दूर मागं जातो, मधलं एक घर ओलांडून, मग दुसरा मोहरा त्याच घरात येऊन आपल्याच मोहऱ्याची वाट अडवतो. काळ्याला श्वास घ्यायला एक घर मिळतं, तो तिथं जातो, की मधला मोहरा बाजूला होतो आणि मागून मारा उघडतो, मात. स्वतःचाच मारा स्वतः झाकून ठेवायचा ही कल्पना लोकांना इतकी नवी वाटली की त्यानंतर त्याच धाटणीची कोडी कित्येकांनी रचली.

मला कोड्यांची फार आवड आहे पण पट मांडून बसायला वेळ मिळत नाही. सकाळी डबे, मग वावर, सांजच्याला परत स्वयंपाक. पट न मांडता डोक्यातच सोडवता येईल का?
(एक गृहिणी, ता. वणी, जि. यवतमाळ)

ताई, येईल, पण सवय हळूहळू लावा. पहिले आठ दिवस कोडं घेऊच नका, नुसते घरांचे रंग पाठ करा. ए१ काळं. मग रांग आणि आकडा मोजायचा, ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन असं धरून बेरीज सम आली तर घर काळं, विषम आली तर पांढरं. सी६ म्हणजे तीन अधिक सहा, नऊ, पांढरं. बी८ म्हणजे दहा, काळं. कणीक मळताना दहा घरं विचारली स्वतःला तरी पुष्कळ झालं.

मग घोडा फिरवा, एकटाच, रिकाम्या पटावर. घोडा ए१ च्या कोपऱ्यात आहे, त्याला शेजारच्याच तिरप्या घरात, बी२ ला जायचंय, किती चाली लागतील? एवढं जवळ आहे तर दोन लागतील असं वाटतं, पण कोपऱ्यातून घोड्याला बाहेर पडायला दोनच घरं आहेत, बी३ आणि सी२, आणि दोन्हीकडून दोन चालीत जमत नाही. बी३, सी१, डी३, बी२, पूर्ण चार लागतात. हे डोळ्यासमोर दिसलं की मग वरचं रेटीचं चार मोहऱ्यांचं कोडं डोक्यात घ्या, ते घेऊन वावरात जाता येते.